पत्र्यावरचे दोन ठोके

वागळे इस्टेटमध्ये गुणाजीच्या गॅरेजसमोर एका बंद पडलेल्या कंपनीची भिंत आहे, आणि त्या भिंतीत गंजलेल्या पत्र्याचा एक दरवाजा. त्या पत्र्याशी कलावती सहा वर्षं उभी राहिली. पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन, मे महिन्यात पदर ओला करून. हातात दहा-अकराचा पाना. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचं, नवऱ्याच्या हाताखाली राबते बिचारी. हाताखाली! अहो, तो तिच्या हाताखाली होता. पण हे बोलायची सोय नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुणाजी गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा, आणि त्यातही जुन्या जीपचं. ठाण्यापासून पार बदलापूरपर्यंत ज्यांना म्हणून डोंगरात, नदीत, चिखलात गाडी घालायची खाज होती, ते सगळे त्याच्याकडे यायचे. कारण सरळ होतं. जुन्या जीपचा उजेड म्हणजे देवघरातली समई बरी. दिव्यात खोट नसते, खोट वायरीत असते. बॅटरीतला करंट आधी डॅशबोर्डच्या बटणात येणार, तिथून उजेड वर-खाली करणाऱ्या डिपरमध्ये, तिथून लांबच लांब बारीक वायरीतून दिव्यापर्यंत जाणार. जाईपर्यंत त्याचा जीव अर्धा होतो. लोक नुसता मोठा बल्ब आणून लावतात आणि मग बटण वितळलं की बोंबलत येतात. गुणाजी बल्बला हातच लावायचा नाही आधी. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर, मध्ये बटणावरचा भार काढून घेणारा रिले, फ्यूज, चांगली घासून घट्ट केलेली अर्थिंग, मग नवी काच आणि सगळ्यात शेवटी हॅलोजनचा बल्ब. "पांढऱ्या एलईडीचे लाड इथे नाय," तो म्हणायचा. "घाटात धुकं आलं की पांढरा उजेड तुमच्याच थोबाडावर परत येतो. पिवळा लावा आणि घरी जिवंत जा."

माणूस हाताचा सोन्यासारखा होता, खोटं कशाला बोला. तोंडाचा मात्र गटार.

सहा वर्षांपूर्वी त्याला काचबिंदू झाला. नळीतून बघितल्यासारखं दिसायला लागलं, आणि नळी वर्षागणिक बारीक होत गेली. वायरीचं काम त्याला बोटांनी जमायचं. कलावती शेजारच्या स्टुलावर बसून वायरी ठरलेल्या क्रमाने त्याच्या हातात द्यायची, त्याने डोळे मिटून जोडल्या असत्या तरी चुकला नसता. अडायचं ते शेवटच्या कामाला. फोकस सेट करताना. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर दिव्याच्या उंचीपेक्षा दोन बोटं खाली चुन्याची रेघ, आणि खालच्या फोकसच्या उजेडाची कड त्या रेघेवर आणून ठेवायची. गुणाजीला उजेड दिसायचा. उजेडाची कड दिसायची नाही.

मग नवरा-बायकोने घरी बसून तोड काढली. कळव्याच्या चाळीत, दार लावून. कलावतीने पत्र्याशी उभं राहायचं. उजेड खाली पडला तर पान्याने एक ठोका, म्हणजे वर घे. उजेड वर गेला तर दोन ठोके, म्हणजे खाली आण. काहीच ठोकलं नाही तर बरोबर आहे, स्क्रू सोड. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई भिंतीवर खुणा करते आहे. त्यात शंका नको म्हणून गुणाजीने आणखी एक युक्ती काढली.

"मी लोकांसमोर तुला दोन शब्द बोलेन," तो त्या रात्री म्हणाला होता. "म्हणजे कोणाच्या डोक्यात येणार नाय की तू मला सांगतेस म्हणून. मनावर घेऊ नको हं, कला."

तेव्हा तो तिला कला म्हणायचा.

आणि मग सुरू झालं. "अगं ए, ठोकत काय बसलीस, तुझ्या बापाचा दरवाजा आहे काय!" "डोळे फुटले काय तुझे, सरक तिकडे!" गिऱ्हाईक हसायचं. गिऱ्हाईक हसलं की गुणाजीला चेव यायचा. पहिलं वर्षभर घरी जाताना तो रिक्षात तिचा हात दाबायचा, म्हणजे माफ कर असं. दुसऱ्या वर्षी हात दाबणं बंद झालं. तिसऱ्या वर्षी शिव्या घरी पण यायला लागल्या, जिथे बघायला कोणी गिऱ्हाईक नव्हतं. नाटक करता करता माणसाला त्याची चव लागली. कलावती कोणाला सांगणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

तिने एक गोष्ट मात्र धरून ठेवली होती, त्याचं ऑपरेशन. गेलेलं परत येणार नव्हतं, पण उरलेली नळी वाचली असती. गुणाजी दवाखान्याचं नाव काढू द्यायचा नाही. कोणी बघितलं तर धंदा बसेल म्हणायचा. तिने आठ महिने सरकारी दवाखान्यात खेटे घातले. सकाळी सहाला रांगेत, नऊला परत घरी, दहाला पत्र्याशी. कागद, तपासण्या, या खिडकीतून त्या खिडकीत. त्याला दोनदा ओढून नेलं, डोळ्यांचं प्रेशर मोजून घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडल्या होत्या. "आजी, पावसाळ्याच्या आत नाही केलं तर मग माझ्याकडे येऊच नका." कलावती बावन्न वर्षांची, पण आजी म्हणाल्या तरी तिला राग आला नाही. तारीख मिळाली. बुधवार. तिने ती कॅलेंडरवर लिहिली नाही, गुणाजीला दिसत नव्हतंच. रोज सकाळी चहा देताना तोंडाने सांगायची. तो हूं म्हणायचा.

त्या बुधवारच्या आदल्या शुक्रवारी डोंबिवलीचा यज्ञेश जीप घेऊन आला. तिशीचा पोरगा, आयटीत नोकरी, गळ्यात जाड चेन. जीप त्याच्यापेक्षा म्हातारी. बरोबर संदेश नावाचा मित्र, ज्याच्या हातातून मोबाईल खाली येत नव्हता.

"काका, आमचा ग्रुप आहे, दहा गाड्या," यज्ञेश म्हणाला. "पुढच्या शनिवारी माळशेजला चाललोय. माझ्या गाडीचे लाइट भारी झाले तर बाकीच्या नऊ पण तुमच्याकडे. फिक्स."

नऊ गाड्या. गुणाजीने मुंडी हलवली आणि कामाला बसला. दिवसभर बसला. दुपारी जेवला नाही. कलावती वायरी देत गेली, तो जोडत गेला. रिले बसवताना त्याने बोटाने तीन-तीनदा चाचपून बघितलं. त्या दिवशीची वायरिंग त्याने आयुष्यात केलेली सगळ्यात सुरेख होती, हे कलावतीपण मान्य करेल. संध्याकाळी यज्ञेश आणि संदेश परत आले, बरोबर ग्रुपमधले आणखी दोघं. दिवेलागण झाली होती. कटिंग चहा आला.

"तर मग बाकीच्या नऊ कधी आणू?" यज्ञेशने विचारलं.

"सोमवारपासून आणा. रोज दोन-तीन. बुधवारी पण आणा."

कलावती स्टुलावरून उठली. "बुधवारी नाय जमणार," ती म्हणाली. "बुधवारी आपल्याला जायचंय."

एवढंच म्हणाली. दवाखाना म्हणाली नाही, डोळे म्हणाली नाही. सहा वर्षांत एकदाही तिची जीभ घसरली नव्हती, तेव्हाही नाही.

पण गुणाजी बिथरला. तिच्या तोंडून गुपित निघालंच, असं त्याला वाटलं असणार. आणि बिथरला की तो जे करायचा तेच त्याने केलं. हसला.

"जायचंय! हिला बघा, हिला जायचंय!" तो पोरांकडे वळून म्हणाला. "कुठे जायचंय गं? माहेरी? माहेरी कोण बसलंय तुझं? अहो, ही बाई कशी आहे सांगू का तुम्हाला? गेल्या वर्षी हिची आई वारली. दुपारी बारा वाजता फोन आला. मी म्हटलं, संध्याकाळी गाडी द्यायची आहे, लाइट सेट करून जा. गेली नाय बरं का! साडेसातपर्यंत इथे उभी, या पत्र्यापाशी. आई तिकडे संगमेश्वरला अंगणात ठेवलेली आणि ही इथे ठोकतेय, ठक ठक! म्हटलं ना, बाई असावी तर अशी."

पोरं हसली. संदेश म्हणाला, "काकी, रिस्पेक्ट," आणि सलाम ठोकला. वाईट हेतू नव्हता त्याचा. त्याला काय माहीत.

त्याला हे माहीत नव्हतं की कलावतीला त्या दिवशी रात्री अकराच्या गाडीत जागा मिळाली, गाडी माणगावला अडकली, आणि ती दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गावात पोहोचली. भाऊ नऊपर्यंत थांबला होता. मग लोक म्हणाले, किती ठेवायचं, ऊन वाढलं. ती पोहोचली तेव्हा सरण अर्ध्याच्या वर जळलं होतं. भावाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि तेव्हापासून बोलत नाही. हे तिने गुणाजीला कधी बोलून दाखवलं नव्हतं. तिला वाटत होतं, त्याला आतून कुठेतरी लागलं असेल. माणूस आहे. आज कळलं की त्याच्याकडे तो चहाबरोबर सांगायचा किस्सा होता.

"चल, उभी राहा," गुणाजी म्हणाला.

ती गेली. पाना घेतला, पत्र्याशी जाऊन उभी राहिली. त्याने उजव्या दिव्यावर गोणपाट टाकलं आणि डावा चालू केला.

काय उजेड पडला! पोरांनी शिट्ट्या मारल्या. पण दिवा नवीन बसवलेला, कसाही वळलेला. उजेडाची कड रेघेच्या दीड हात वर, भिंतीच्या पार वरच्या विटांवर. दोन ठोके द्यायचे होते. पाना तिच्या हातात होता, पत्रा खांद्याला लागत होता. गुणाजी दिव्यापाशी उकिडवा बसून, मान तिरकी करून, कान देऊन थांबला.

कलावतीने ठोकलं नाही.

नंतर कितीतरी दिवस तिने स्वतःची समजूत घातली, की त्याच्या डोळ्यांसाठी केलं, उघडं पडलं तरच ऑपरेशनला येईल म्हणून केलं. खोटं. त्या घटकेला तिच्या मनात डोळे नव्हते की ऑपरेशन नव्हतं. तिला राग आला होता, पोटातून वर आलेला, आणि तो माणूस कान देऊन थांबलाय हे बघून तिला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

गुणाजी थोडा वेळ थांबला. त्याच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग हसू. पहिल्या झटक्यात रेघेवर! त्याने स्क्रू सोडला, गोणपाट डाव्या दिव्यावर टाकलं, उजवा उघडा केला. उजव्याचा उजेड खाली, कलावतीच्या पायाशी असलेल्या गटाराच्या झाकणावर. एक ठोका द्यायचा होता. तिने तोही दिला नाही.

"झालं," गुणाजी म्हणाला. उभा राहिला, गुडघे झटकले, गोणपाट ओढून काढलं. "पोरांनो, एवढी वर्षं धंदा करतोय, पहिल्या फटक्यात दोन्ही दिवे रेघेवर कधी बसले नव्हते. गाडी नशीबवान आहे तुमची."

पोरं भिंतीकडे बघत होती. एक दिवा आभाळात, एक गटारात.

"काका, मस्करी करताय का?" यज्ञेश म्हणाला.

"मस्करी कसली? बघा ना, सरळ रेघ."

"कुठली रेघ?"

गुणाजीने हात लांब करून दाखवलं. त्याने जिथे दाखवलं तिथे काळोख होता. मग संदेशच्या डोक्यात उजेड पडला. त्याने मोबाईल समोर धरला, पाय न वाजवता गुणाजीच्या बाजूला सरकला आणि दुसरा हात त्याच्या कानशिलापासून चार बोटांवर नेऊन हलवला. गुणाजी समोर बघत उभा होता. संदेशने जीभ काढून दाखवली. गुणाजी समोर बघत उभा होता.

"आयला," मागचा एक जण म्हणाला, "आंधळा आहे हा!"

"काका, मी कुठे आहे?" संदेशने विचारलं. गुणाजी आवाजाकडे वळला तोवर तो दुसऱ्या बाजूला. "आता कुठे आहे? आता?" गुणाजी वळत राहिला. पोरं हसत होती. यज्ञेश आधी हसला नाही, मग त्यालाही हसू आवरेना. गुणाजी वळता वळता कलावतीच्या स्टुलावर आपटला आणि खाली बसला, तेव्हा कुठे सगळे गप्प झाले.

तेव्हा त्याने हाक मारली. "कला!"

चार वर्षांनी तिने ते नाव ऐकलं. ती पत्र्याशी उभी होती, पाना हातात. जागची हलली नाही.

यज्ञेशने स्वतःच स्क्रू फिरवून दिवे बरेचसे जागेवर आणले. मजुरीचे पैसे स्टुलावर ठेवले, त्यातही त्याने कसूर केली नाही. "काका, वायरिंग एक नंबर आहे," जाताना म्हणाला. "पण असं लोकांना फसवायचं नाय हो. रात्री कोणाचा तरी जीव गेला असता." तो बोलला ते चूक नव्हतं. व्हिडिओ मात्र डोंबिवली येईपर्यंत ग्रुपवर गेला, आणि तिथून जिथे जिथे जुन्या जीपची माणसं आहेत तिथे तिथे. सोमवारी एकही गाडी आली नाही. मंगळवारी शेजारच्या लेथवाल्याने गुणाजीला विचारलं, गाळा देणार का म्हणून.

पण त्याच्या आधीचं सांगायला हवं, शुक्रवार रात्रीचं. गुणाजी घरी आल्यावर हातपाय न धुता पलंगावर बसला. कलावती तयारीत होती. आता शिव्या येतील, हात उठेल, काय व्हायचं ते होऊ दे. तिने उत्तरंही तयार ठेवली होती. हो, नाही ठोकलं. मुद्दाम नाही ठोकलं. माझ्या आईला विचारा जाऊन का नाही ठोकलं.

त्याने बोटांनी पलंगाची कड चाचपली. मग म्हणाला, "कला, तू ठोकलं होतंस ना?"

ती ताट पुसत राहिली.

"ठोकलंच असशील," तो म्हणाला. "सहा वर्षांत तू एकदा चुकली नाहीस. ठोकलंस तू. मलाच ऐकू आलं नाय."

तिने त्याच्याकडे बघितलं. तो चिडलेला नव्हता. घाबरलेला होता. नवरा घाबरलेला तिने लग्नापासून पाहिला नव्हता. डोळे चालले तेव्हाही नाही, कारण तेव्हा त्याच्याकडे तिचे ठोके होते.

"दोनदा ठोकलंस?"

सांगता आलं असतं. एक वाक्य होतं, ते तिने मघापासून तोंडात धरलं होतं. पण तिला दिसलं की खरं सांगितलं तर तो उद्या परत उभा राहील. तोंड सोडेल, शिव्या देईल, चार दिवस जेवणार नाही, आणि पाचव्या दिवशी तिला पत्र्याशी उभी करेल. आणि खोटं सांगितलं तर पुन्हा कधी नाही.

"दोनदा ठोकलं," कलावती म्हणाली. "मग तुम्ही ऐकेनात म्हणून आणखी दोनदा. जोरात."

गुणाजीने मान खाली घातली. "म्हणजे कानपण," तो म्हणाला, आणि रडला. ओठ दाबून, शेजारी ऐकतील म्हणून. तिने त्याला ताट वाढलं.

बुधवारी तो लहान पोरासारखा तिच्या मागून दवाखान्यात आला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, वेळेत आणलंत, आहे तेवढं टिकेल. कलावतीला जे हवं होतं ते सगळं झालं. "कानांचं पण बघता का?" गुणाजीने विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, कानांची ओपीडी दुसऱ्या मजल्यावर, कधीही दाखवा. कलावतीने केसपेपर घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाली, आधी डोळ्याची जखम भरू दे. जखम भरून आता पाच महिने झाले.

गाळा लेथवाल्याला गेला. त्याच्या महिन्याच्या भाड्यात दोघांचं भागतं. कलावती सकाळी उशिरा उठते. गुणाजी दारात खुर्ची टाकून बसतो. माणसं बोलायला आली तर उत्तर देत नाही. आपण भलतंच ऐकलं असेल, भलतंच बोलू, लोक पुन्हा हसतील, ही भीती. कलावती त्याच्याशी ओरडून बोलते. सगळ्या चाळीला ऐकू जाईल एवढं. जेवायला या! औषध घेतलं का! सुरुवातीला घसा दुखायचा, आता सवय झाली.

परवा शेजारची आवडाबाई, खाडीकाठच्या कोळ्यांपैकी, सत्तरीची, सुकट द्यायला आली होती. दोघी आत ओट्यापाशी बोलत होत्या. गुणाजी बाहेर दारात, पाठमोरा.

"गो, इतकी केकाटतेस कशाला त्याच्यावर?" आवडाबाई अगदी हळू आवाजात म्हणाली. "मला नाय वाटत त्याला ऐकू येत नसेल."

कलावतीचा हात सुकटीच्या पुडीवर थांबला. ती काही बोलायच्या आधीच बाहेरून उत्तर आलं. मान न वळवता, खालच्या आवाजात, समजावून सांगितल्यासारखं.

"नाय येत ओ मला, आवडाबाई. हिला विचारा."